उलट्या ओळखी

आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्गाची एक जुनी खोड होती. शाळा सोडताना वर्ग स्वतःचा अंक काढायचा आणि त्यात प्रत्येकाची तीन ओळींत ओळख छापायचा: स्वभाव, उद्योग, महत्त्वाकांक्षा. ही ओळख सरळ लिहायची नाही, उलटी लिहायची. जाड्याबद्दल लिहायचं, 'वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून खिशात दगड ठेवतो.' गणितात गटांगळ्या खाणाऱ्याची महत्त्वाकांक्षा, 'आकडे संपले तर नवे शोधून देणे.' हे कोणी सुरू केलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच जणांच्या आईवडिलांच्याही अशा ओळखी जुन्या अंकांत होत्या, त्यामुळे अंक घरी आला की घरादाराची हसून मुरकुंडी वळायची. बाहेरच्या कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून दर वर्षी पहिल्या पानावर एक सूचना असायची. 'या अंकातलं सगळं उलटं वाचावं. सरळ वाचल्यानं कोणाचं नुकसान झाल्यास वर्ग जबाबदार नाही.'

आमच्या वर्षी अंकाची संपादक मी होते. वर्गात मला कात्री म्हणत, कारण माझी जीभ तशी चालायची. माझी ओळख मीच लिहिली होती: 'स्वभाव: अबोल. उद्योग: दुसऱ्याचं कौतुक. महत्त्वाकांक्षा: जन्मात कोणाचं मन न दुखवणे.'

लढाईचं तिसरं वर्ष होतं. शाळेची पितळी घंटा वितळवायला नेली होती, म्हणून शिपाई शिट्टी फुंकून तास बदलायचा. व्यायामशाळेत घोंगड्यांचे ढीग पडले होते. निम्मे मास्तर आघाडीवर आणि उरलेले निम्मे दोन-दोन वर्ग एकदम शिकवत होते. आम्हाला मात्र अंकाचीच पडली होती. अठरा वर्षं पुरी झाली की आपल्यालाही बोलावणं येणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वयात मरण हे दुसऱ्याच्या घरचं कार्य वाटतं.

कागद मोजून मिळाला आणि एक पान कमी पडलं. माझा संपादकीय लेख दोन पानांचा होता. त्यातली एक ओळ कापायला सांगितली असती तरी मी आकाशपाताळ एक केलं असतं. मी पहिलं पान कापलं. सूचना काय, सगळ्यांना तोंडपाठ आहे, असं मी म्हणाले आणि कोणी हरकत घेतली नाही. मी रागावले की कोणी हरकत घेत नसे.

त्या अंकातल्या दोन ओळखी तुम्हाला सांगायलाच हव्यात. पहिली माझ्या जुळ्या भावाची. माझ्याहून सात मिनिटांनी लहान आणि वीतभर उंच. त्याला सगळे पैलवान म्हणत. नदी पोहून जायचा, दोन माणसांची पोती एकटा उचलायचा, समोरच्या टेकडीवर मेंढ्या किती आहेत ते अंगणात उभा राहून सांगायचा. त्याचं मी लिहिलं: 'स्वभाव: मरगळलेला. उद्योग: दोन पावलं चालून बसणे, चष्म्याशिवाय स्वतःचं ताट न दिसणे. महत्त्वाकांक्षा: एकदा तरी जिना न थांबता चढणे.'

दुसरी भागूची. भित्री भागूबाई म्हणून भागू. दुसऱ्याच्या नाकातून रक्त आलं तरी हा खाली बसायचा. फटाक्याएवढा आवाज झाला की कान धरायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं सगळ्या कुत्र्यांना नेमका हाच सापडायचा. वडील नव्हते. आई घरी बसून कारखान्याच्या लष्करी कोटांना बटणं लावायची. तिच्याकडून तो सुई शिकला होता आणि त्याला पुस्तकं बांधायचं काम करायचं होतं, एवढीच त्याची खरीखुरी महत्त्वाकांक्षा. आमचा अंकही त्यानंच शिवला. त्याचं मी लिहिलं: 'स्वभाव: निधडा. उद्योग: अंधारात एकटं फिरणे, स्फोटक वस्तू हाताळणे. महत्त्वाकांक्षा: जिथं जायला कोणी तयार नाही तिथं सर्वांत पुढे असणे.' ते वाचून तो सगळ्यांत जास्त हसला. पान दाखवायला घरी घेऊन गेला.

अंक निघाला त्याच आठवड्यात भरतीच्या कचेरीचं पत्र शाळेत आलं. शेवटच्या वर्गातल्या एकूण एक विद्यार्थ्याची माहिती हवी: स्वभाव कसा, कशात गती, पुढे काय करायची इच्छा. जुने हेडसर असते तर त्यांनी नीट बसून लिहिली असती. ते ह्याच शाळेत शिकलेले होते, त्यांची स्वतःची उलटी ओळख कपाटात होती. पण त्यांची बदली प्रशिक्षणाच्या छावणीवर झाली होती आणि त्यांच्या जागी दूरच्या गावाहून नवे सर आले होते. दोन महिन्यांत त्यांना आमची तोंडंही पाठ झाली नव्हती. समोर एक्केचाळीस कोरे फॉर्म आणि हाताशी एक सुबक शिवलेला अंक, त्यात नेमके तेच तीन रकाने! सरांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी कारकुनाला सांगून सगळ्या ओळखी जशाच्या तशा उतरवून घेतल्या, खाली शाळेचा शिक्का मारला आणि पाठवून दिल्या.

आम्हाला हे कळलं नेमणुकीच्या दिवशी. व्यायामशाळेतल्या घोंगड्या बाजूला सारून टेबल मांडलं होतं. मागे भरतीचा साहेब, शेजारी एक थकलेला डॉक्टर. डॉक्टर मुलाचे हातपाय मोजल्यासारखे बघायचा, खोक म्हणायचा आणि फॉर्म वाचून तेच आपल्या वहीत लिहायचा. मुली भिंतीशी उभ्या होत्या. आमच्या नेमणुका आधीच झाल्या होत्या, मला दवाखान्याच्या धुलाईघरात टाकलं होतं. आई तिथंच पट्ट्या धुवायची.

पैलवानाची पाळी आली. त्याला उघडा पाहून साहेबाच्या भुवया वर गेल्या. मग त्यानं फॉर्म वाचला.

"डोळ्यांचं कधीपासून?"

"साहेब, माझे डोळे चांगले आहेत. ते अंकातलं म्हणजे—"

"आणि दम लागतो तो? तोही लागत नसेल." साहेब डॉक्टरकडे बघून हसला. "सगळ्यांना आघाडीवरच जायचं असतं. लाजायचं काही कारण नाही, बाळ. देशाला कोठारातही माणसं लागतात."

भाऊ आणखी काही बोलणार तोच शिपायानं त्याला पुढे ढकललं. धान्याचं सरकारी कोठार आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

भागूनं तर साहेबापुढे हात जोडले. "साहेब, मी भित्रा आहे हो. खरंच सांगतो."

साहेब उठून उभा राहिला आणि त्यानं भागूच्या खांद्यावर हात ठेवला. "खरा शूर असंच म्हणतो," तो आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "टाळ्या वाजवा." आणि सांगायला लाज वाटते, पण काही जणांनी वाजवल्या. भागूची नेमणूक भूसुरुंग काढणाऱ्या तुकडीत झाली.

त्या दिवशी घरी आईनं भावाला समोर बसवलं. दवाखान्यात तिच्या हाताखालून रोज काय जायचं ते ती सहसा बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. पट्टी धुताना कधीकधी आत बोट सापडतं, एवढंच सांगितलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "ते डोळे अधू म्हणतायत ना? मग अधू."

"आई, मला लाज वाटते. सगळी पोरं चाललीयत."

"मेलेल्याला लाज वाटत नाही. तुला वाटतीय, म्हणजे तू जिवंत आहेस. ते मला पुष्कळ आहे."

तिनं वडिलांचा जुना चष्मा ट्रंकेतून काढला आणि त्याच्या नाकावर चढवला. तो घालून भाऊ उंबऱ्याला अडखळला. आई म्हणाली, छान, असाच चालत जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागू आला. रात्रभर झोपला नसावा, ओठ पांढरे पडले होते.

"कात्री, तू संपादक आहेस. तू जाऊन सांगितलंस तर ऐकतील. माझे हात बघ." त्यानं हात पुढे केले. ते थरथरत होते. "ह्या हातांनी मी सुरुंग काढणार? मी तर मरेनच, शेजारच्यालाही घेऊन जाईन."

मी निघाले. तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, ह्यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. चूक माझी होती, सूचनेचं पान मी कापलं होतं, आणि ती निस्तरायची एवढंच डोक्यात होतं.

भरतीची कचेरी एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात होती. फळ्यांवर खोक्यांच्या जागी फाईली, काही फाईली तर खोक्यांतच. चपला घालून बघायची उतरती फळी असलेली बुटकी बाकं तशीच होती, त्यातल्या एकावर भागू बसला आणि मी आत गेले.

साहेब पात्यानं पेन्सिल तासत होता. मी सगळं सांगितलं, अंकाची रीत, कापलेलं पान, नवे सर. तो ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"म्हणजे तो जो माझ्यापुढे हात जोडत होता तो खरंच भित्रा?"

"हो साहेब."

"कमाल आहे. आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या!" त्यानं डोळे पुसले. वाईट माणूस नव्हता तो. कंटाळलेला होता, आणि त्याला काम संपवायचं होतं. "बरं. त्याला काढू. पण सुरुंगवाल्या तुकडीला मला सहा जण द्यायचेत, पाच नाही. एक काढला तर एक घालावा लागेल. तू वर्गाला ओळखतेस. ज्याचा हात थरथरत नाही, नजर तीक्ष्ण आहे, असा कोण? एक नाव दे." त्यानं पेन्सिल कागदावर टेकवली. "का मीच सगळे फॉर्म उलटे करून वाचू?"

फॉर्मांचा गठ्ठा त्याच्या कोपराशी होता. वरून तिसरा की चौथा पैलवानाचा होता, मला शाळेचा शिक्का दिसत होता. दुसऱ्या कोणाचं नाव दिलं असतं का? दिलं असतं, खोटं कशाला बोलू. पण ज्याचं नाव घेतलं असतं त्याचा फॉर्म उलटा वाचावा लागला असता, आणि एक उलटा वाचला की सगळे वाचले जाणार. मला आईचे पट्ट्या धुऊन सोललेले हात आठवले. मी माझ्या भावाचा विचार केला आणि फक्त त्याचाच केला.

"साहेब," मी म्हणाले, "मी थोडं वाढवून सांगितलं."

"म्हणजे?"

"अंकात थोडी थट्टा असते, पण सगळं उलटं असं काही नसतं. तो मुलगा जरा घाबरलाय. माझ्या गळ्यात पडला, म्हणून आले."

साहेबानं पेन्सिल खाली ठेवली. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "वाटलंच मला," तो म्हणाला. "आयत्या वेळी सगळेच घाबरतात. पहिल्या दिवशी जातं ते. त्याला सांग."

मी बाहेर आले. भागू बाकावरून उठला.

"काय म्हणाले?"

"ऐकत नाहीत रे. मी खूप सांगितलं."

त्यानं खाली बघितलं. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तो मलाच समजवायला लागला. "जाऊ दे. तू तरी आलीस. बाकी कोणी नाव तरी काढलं का माझं?" घरापर्यंत तो माझ्या शेजारून चालला आणि दारात म्हणाला, "आईला सांगीन मी, कात्रीनं माझ्यासाठी किती केलं ते."

तो सोमवारी गेला. अकराव्या दिवशी तार आली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर मी होते आणि संन्याशाच्या आईनं मला पोटाशी धरलं. तार आली त्या संध्याकाळी भागूची आई, म्हणजे काकू, आमच्या घरी आल्या, आईशी एक शब्द बोलल्या नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या. "एवढ्या मोठ्या शहरात तू एकटी त्याच्यासाठी बोललीस," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या दर दोन दिवसांनी यायच्या. धुलाईघरातून आले की त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या, मांडीवर कोट, शेजारी बटणांची पिशवी. माझ्या केसांना तेल लावून द्यायच्या. त्यांचा हात डोक्यावर पडला की मला तो झटकून पळून जावंसं वाटायचं, आणि मी बसून राहायचे. आई सगळं बघायची. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, पण तिनं कधी विचारलंही नाही.

भाऊ त्यांची लाकडं फोडून द्यायचा, पाणी भरायचा. त्यालाही भागूचं खूप लागलं होतं. एकदा काकूंनी त्याला उभं करून माप घेतलं. भागूसाठी घेऊन ठेवलेलं सदऱ्याचं कापड घरात पडून होतं.

"पडून कुजण्यापेक्षा तुझ्या अंगाला लागू दे," त्या म्हणाल्या. "खांदे केवढे रुंद आहेत रे तुझे. डोळ्यांनी दगा दिला म्हणून, नाहीतर तूही गेला असतास. जप बाबा डोळ्यांना."

भाऊ मान खाली घालून उभा राहिला. आईचा हुकूम होता, चष्मा नाकावरच होता.

सदरा होत आला तो रविवार होता. ऊन कललं होतं. गळपट्टी तेवढी राहिली होती आणि काकूंना सुई ओवता येईना. रडून आणि बटणं लावून त्यांच्या डोळ्यांचं पाणी झालं होतं. दोनदा दोरा तोंडात ओला केला, दोनदा चुकला. मी हात पुसत पुढे होणार, तेवढ्यात भावानं त्यांच्या हातातून सुई घेतली. त्याला त्या चष्म्यातून काहीच दिसेना, म्हणून त्यानं तो काढून खिशात टाकला, सुई त्या मावळत्या उजेडात धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा आरपार घातला.

"हं, घ्या," तो म्हणाला.

काकूंनी सुई घेतली नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुला दिसतं?"

आईनं आतून भावाला हाक मारली, कधी नव्हे इतक्या मोठ्यानं. पण माझा भाऊ कोणाशी खोटं बोलू शकत नव्हता, आणि त्या बाईशी तर नाहीच. "पहिल्यापासून दिसतं, काकू. अंकात उलटं लिहिलं होतं ना सगळ्यांचंच. आमच्या भागूचं लिहिलं तसंच."

"त्याचं उलटं होतं ते मला माहीत आहे," काकू सावकाश म्हणाल्या. "तेच तर सांगायला ही गेली होती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सगळं उलटं आहे म्हणून तू साहेबाला सांगितलंस. मग त्यानं ह्याचं का नाही उलटं वाचलं?"

भाऊही माझ्याकडे बघत होता. शेवटी मी खरं बोलले, कारण खोटं सगळं वापरून झालं होतं. साहेबानं दुसरं नाव मागितलं. मी दिलं नाही. उलट, भागू नुसता घाबरलाय असं म्हणाले.

मग काकूंनी भावाच्या हातातून सुई घेतली आणि गळपट्टी पुरी केली. टाके एकसारखे, घाई नाही. शेवटी दातानं दोरा तोडला आणि सदरा त्याच्या अंगावर धरून बघितला.

"मापात आहे," त्या म्हणाल्या आणि बटणांची पिशवी उचलून गेल्या. भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही.

बुधवारी कोठारावर दोन शिपाई भावाला न्यायला आले. साहेबाला कोठूनतरी खरी माहिती मिळाली म्हणे. डॉक्टरनं ह्या वेळी खरोखर तपासलं. आई कचेरीच्या दारात बसून राहिली, तिला आत घेतलं नाही. भागूच्या तुकडीत एक जागा रिकामी होती, तिथंच त्याला टाकलं. आणि कळस म्हणजे तो खुशीत होता. चष्मा त्यानं आईच्या हातात दिला, नवा सदरा घातला आणि शीळ घालत गेला. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली, तेवढंच.

मी तशीच काकूंच्या घरी गेले. त्यांचे केस धरून ओढायचे, असं ठरवून गेले होते. दार उघडंच होतं. खोलीत कोटांचा ढीग, खिडकीशी त्या. मला बघून त्यांनी मान वर केली.

"तुम्ही सांगितलंत," मी ओरडले. "तुम्ही जाऊन सांगितलंत!"

"हो," त्या म्हणाल्या. "एक अक्षर वाढवलं नाही."

मग त्यांनी शेजारची सतरंजी सरळ केली, ढिगातला एक कोट ओढून माझ्या पुढ्यात टाकला आणि मूठभर बटणं त्यावर ठेवली.

"बस. उभी का? माझ्या वेळी तारेला अकरा दिवस लागले. तोवर हात रिकामे ठेवू नकोस, वेड लागतं."